रेवदंड्याचे दगड, कोर्लईची माणसे

माझे गाव वीर, तालुका महाड. कोकण रेल्वेचा रोह्यापासूनचा पहिला टप्पा १९९३ च्या मार्च महिन्यात सुरू झाला, तो आमच्या वीरपर्यंत. त्यानंतर काही काळ आमचे गाव रेल्वेच्या वेळापत्रकात शेवटचे होते, आणि तेवढ्या दिवसांपुरते आम्ही प्रसिद्धही होतो. आमच्या भागात इतिहास म्हटला की बोट रायगडाकडे जाते, नाहीतर महाडच्या चवदार तळ्याकडे. पोर्तुगीज हा विषय समुद्रकाठच्या लोकांनी बघावा, अशी आमची समजूत. माझीही होती.

मी पेशाने आरेखक. घरांचे नकाशे काढून पोट भरले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. आहे ती भिंतीकडे बघण्याची सवय. कोणत्याही जुन्या इमारतीसमोर उभा राहिलो की ती कोणी बांधली यापेक्षा तिचे छप्पर कशावर टेकले होते, हे मला आधी विचारावेसे वाटते. या लेखाचा विषय जुने कॅथलिक चर्च हा असला तरी लेखाचे मूळ या सवयीत आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

वीरहून गाडीने रोह्याला उतरावे आणि कुंडलिकेच्या काठाकाठाने साळावकडे जावे. पूल ओलांडला की रेवदंडा. पूल न ओलांडता डावीकडे वळले की कोर्लई. नदी एकच, खाडी एकच, दोन्ही गावे एकमेकांना दिसतात. पण चर्चच्या इतिहासात या दोन गावांच्या वाट्याला जे आले ते इतके वेगळे आहे, की एकावाचून दुसरे कळत नाही. मला हे उशिरा समजले. पहिली काही वर्षे मी फक्त रेवदंड्यालाच जात राहिलो.

पोर्तुगीजांच्या कागदांत जे ‘चौल’ येते ते बहुतेक वेळा आजचे रेवदंडा. जुने, वरचे चौल हे निजामशाहीचे बंदर. पोर्तुगीजांनी १५२० च्या दशकात खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधला आणि त्याभोवती तटबंदीचे शहर वाढले. या शहरात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांची चर्चे आणि मठ होते. त्याखेरीज मुख्य चर्च, ज्याला ते ‘मात्रिझ’ म्हणत. शिवाय एक छोटे प्रार्थनामंदिर, जिथे संत फ्रान्सिस झेवियर यांनी प्रवचन केले अशी परंपरा सांगते. एवढ्याशा तटाच्या आत इतकी चर्चे कशाला, असे आपल्याला वाटते. पण ज्या शहरात घोडे, रेशीम, अफू आणि मसाल्याचा व्यापार चालत होता तिथे प्रत्येक संघाला आपले ठाणे हवेच होते. पैसा होता, आणि काळा दगड पायाखाली होता.

आज ही सगळी चर्चे नारळ-सुपारीच्या वाड्यांत आहेत. वाडीच्या मालकाला विचारून आत जावे लागते. पाटाचे पाणी ओलांडले, केळी बाजूला सारल्या, की एकदम समोर तीस-चाळीस फूट उंच भिंत. फ्रान्सिस्कनांच्या मठाचा मनोरा तेवढा दुरून दिसतो. लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात, जुन्या पुस्तकांत त्याचे नाव सांता बार्बरा. बाकी सगळे झाडांनी गिळले आहे.

मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो डोमिनिकनांच्या चर्चमध्ये. तिथे एक गोष्ट अशी आहे की जी पहिल्यांदा पाहताना मला तिचा अर्थ लागला नव्हता. चर्चचा पुढचा भाग, म्हणजे जिथे लोक उभे राहत तो लांबट मंडप, पूर्ण उघडा आहे. भिंती आहेत, पण वर आभाळ. आणि मागचा भाग, जिथे मुख्य वेदी असायची तो गाभारा, अजून छतासकट उभा. हे छत दगडी आहे, अर्ध्या पिंपासारखे वळलेले, आणि त्याच्या आतल्या अंगाला चौकोनी खणांची रांगच रांग कोरलेली आहे. खाली वटवाघळांची घाण, वर चारशे वर्षांपूर्वीची ती नक्षी. गाभारा शाबूत आणि मंडप गायब.

हे एका चर्चचे नशीब असते तर मी पुढे गेलो असतो. पण वसईच्या किल्ल्यात गेलो तर तिथेही तेच. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये गाभारा आणि बाजूच्या खोल्यांवरची दगडी छते तगून राहिली आहेत, मधला भव्य मंडप उघडा. म्हणजे ही पडझड कुठेही, कशीही झालेली नाही. तिला एक नियम आहे.

नियम आरेखकाला कळेल असा साधा आहे. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर जी चर्चे बांधली त्यांत बहुतेक ठिकाणी गाभाऱ्याला दगडी कमानीचे छत असे आणि मंडपाला लाकडी. मंडप रुंद. त्यावर दगडी कमान फिरवायची तर बाजूच्या भिंती दुप्पट जाड करायला हव्यात, कारण कमान नुसती खाली दाबत नाही, ती भिंतींना बाहेर ढकलते. तो खर्च आणि ते धाडस दोन्ही टाळून त्यांनी तुळया टाकल्या, वासे चढवले, रिपा ठोकल्या आणि वर कौले घातली. कोकणातल्या कोणत्याही वाड्याचे छप्पर असते तसेच, फक्त मोठे. गाभारा अरुंद, त्याच्या भिंती एकमेकींच्या जवळ, तिथे दगडी कमान सहज बसली.

आता या दोन छपरांतला फरक पाहा. दगडी कमान एकदा बांधली की ती स्वतःच्या वजनानेच घट्ट बसून राहते. चुना चांगला असेल आणि झाडाने मूळ घातले नाही, तर तिला वर्षानुवर्षे कोणाची गरज नाही. कौलारू छपराला मात्र दरवर्षी माणूस लागतो. आमच्या रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मे महिन्यात शाकारणी झाली नाही, माकडाने सरकवलेले कौल जागेवर बसवले नाही, की त्या एका फटीतून पाणी वाशाच्या डोक्यावर येते. पहिल्या वर्षी वासा काळा पडतो, मग मऊ होतो. पुढे आढे वाकते. आढे वाकले की कौले आपोआप घसरतात आणि मग सगळ्या छपराचा निकाल लागायला फार पावसाळे लागत नाहीत. वीरला आमचे जुने घर असेच गेले. चुलते मुंबईला, आम्ही भावंडे नोकऱ्यांत, तीन-चार वर्षे शाकारणी झाली नाही. पाचव्या वर्षी माजघरात उभे राहिले की चांदण्या दिसत होत्या.

तेव्हा रेवदंड्याच्या मंडपांवर जे आभाळ दिसते ते तोफांनी उघडे केलेले नाही. तिथे लढाया झाल्या हे खरे. १५७० च्या अखेरीस निजामशहाने घातलेला वेढा कित्येक महिने चालला, १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा चौलवर चालून आल्या होत्या. पण दोन्ही वेळा शहर तगले, आणि तगलेल्या शहरात छप्पर दुरुस्त होते. ते दुरुस्त व्हायचे थांबले ते १७४० नंतर, कारण दुरुस्त करणारी माणसे गेली.

वसई १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतली, हे वाचकांना ठाऊकच आहे. चौलचा शेवट तितका गाजलेला नाही, कारण तो तहाने झाला. मराठ्यांनी त्याच मोहिमेत चौल आणि कोर्लईलाही वेढले होते. पण शेवटचा निकाल इंग्रजांच्या मध्यस्थीने १७४० मध्ये झालेल्या तहात लागला. पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लईचा किल्ला सोडायचा, मराठ्यांनी गोव्यातील साष्टी आणि बारदेशातून फौजा काढून घ्यायच्या. (येथे ‘साष्टी’ म्हणजे गोव्यातली. ठाण्याजवळची साष्टी वेगळी, आणि ती तर मराठ्यांकडे आलीच होती. या दोन साष्टींनी पुष्कळ अभ्यासकांना फसवले आहे, मलाही एकदा.)

शहर रिकामे झाले. ज्यांच्याकडे जहाजाचे भाडे, नातेवाईक आणि पद होते ते गोव्याला गेले. संघांचे धर्मगुरू गेले. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात १७२१ साल कोरलेली घंटा आजही टांगलेली आहे. घंटा हलवता येते. लाकूड हलवता येते, आणि ते कोणीतरी नेतेच. दगडी कमान हलवता येत नाही, म्हणून ती राहिली. एकूण हिशेब असा, की रेवदंड्यात ज्याला माणसाची गरज नव्हती तेवढेच उरले.

हे सगळे मी एका जाड वहीत टिपले होते. डोमिनिकन गाभाऱ्याचा छेद, खणांची मापे, कमानीच्या दगडांची रांग. ती वही आणि बरोबरचे नकाशे मी महाडला कामाच्या जागी ठेवत असे. २०२१ च्या जुलैमध्ये महाडला जो महापूर आला त्यात सगळे चिखलात गेले. ज्यांची माणसे आणि घरे गेली त्यांच्यापुढे वहीचे काय सांगायचे, म्हणून मी ते कोणाला बोललोही नाही. पण पुन्हा मापे घ्यायला जायचे ठरवले तेव्हा सरळ रेवदंड्याला न जाता, साळावला डावीकडे वळलो.

कोर्लईची टेकडी म्हणजे पोर्तुगीजांची ‘मोरो’. समुद्रात घुसलेली, तीन बाजूंनी पाणी. या टेकडीवर कोणी किल्ला बांधायचा यावरून पोर्तुगीज आणि निजामशहा यांच्यात १५५८ पासून कुरबुर होती आणि कोणीच बांधायचा नाही असे ठरले होते. १५९० च्या दशकात बुऱ्हाण निजामशहाने तो ठराव मोडून बांधकाम काढले. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो किल्ला घेतला. मराठ्यांकडे आल्यावर बुरुजांची संतांची नावे जाऊन गणेश बुरूज वगैरे नावे आली. वर गेलात तर छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती आहेत आणि शेजारीच महादेवाचे छोटे देऊळ. इथेही मंडप उघडा. माझ्या नियमाला आणखी एक पुरावा मिळाला म्हणून मी खूश झालो, फोटो काढले आणि खाली गावात चहा प्यायला उतरलो.

गावात चर्च आहे. कार्मेल पर्वताच्या मातेचे. साधे, वापरातले, रंग लावलेले. पोर्तुगीज वास्तुकला पाहायला आलेला माणूस त्याच्यासमोर पाच मिनिटे थांबणार नाही. मीही पूर्वी दोनदा रस्त्यावरून तसाच पुढे गेलो होतो. कोरीव खण नाहीत, भव्य दर्शनी भिंत नाही. छप्पर मात्र आहे, आणि ते गळत नाही.

गावात जी कॅथलिक कुटुंबे आहेत ती त्या रिकाम्या झालेल्या चौलची. १७४० मध्ये सगळे गेले असे आपण म्हणतो तेव्हा ‘सगळे’ या शब्दात शेतात राबणारे, घरकाम करणारे, किल्ल्यात पडेल ते काम करणारे गरीब ख्रिस्ती येत नाहीत. त्यांच्यासाठी गोव्याला जाण्याचा प्रश्नच नव्हता. ते खाडी ओलांडून किल्ल्याच्या पायथ्याशी राहिले. राज्य मराठ्यांचे झाले, पुढे इंग्रजांचे, यांनी आपली शेती केली आणि आपले चर्च चालवले.

आणि आपली भाषा बोलत राहिले. कोर्लईच्या कॅथलिक घरांत जी भाषा बोलतात तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजमध्ये हेच ‘नोसा लिंगुआ’. शेवटचे स्वर झिजून गेले आहेत, जसा दगडाच्या पायरीचा कडा झिजतो. वाक्याची रचना मात्र मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी. शब्द पोर्तुगीज, बांधणी आपली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी या भाषेवर १९९६ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले. ती बोलणारी माणसे हजाराच्या आतबाहेर. मुख्य पोर्तुगीज जगाशी अडीचशे वर्षे रोजचा संबंध नसताना एक छोटे गाव ही भाषा कशी टिकवते, यावर भाषाशास्त्रज्ञ वेगळेपणाचे कारण देतात: धर्माने हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळे, जातीच्या उतरंडीत बाजूला, आणि भूगोलाने खाडी-टेकडीच्या बेचक्यात. ते खरेच आहे. त्यात मी एकच भर घालीन, ती म्हणजे चर्च. १९६० च्या दशकापर्यंत इथल्या धर्मगुरूंची आणि प्रार्थनेची भाषा पोर्तुगीज होती. घरातल्या बोलीला दर रविवारी तिच्या थोरल्या बहिणीचा आवाज कानावर पडत होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर उपासना स्थानिक भाषेत आली, तशी इथे मराठी आली.

यावर हळहळणारे लेख मी वाचले आहेत. ‘पोर्तुगीजांचे शेवटचे वंशज’ असे मथळे असतात, एखाद्या आजीबाईंचा फोटो असतो, आणि मराठी मिस्सेने जणू त्यांचे काही हिरावून घेतले असा सूर असतो. मला हा सूर पटत नाही. एक तर ही माणसे मुख्यतः याच मातीतली. सैनिकांच्या घरसंसारातून काही रक्त मिसळले असेल, पण म्हणून त्यांना लिस्बनचे विसरलेले पाहुणे ठरवणे हास्यास्पद आहे. दुसरे, ख्रिस्ती उपासनेत मराठी ही काल आलेली भाषा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोलला १६१६ मध्ये छापले गेले, ओवीबद्ध मराठीत. त्या वर्षी रेवदंड्याच्या मंडपांवरची कौले शाबूत होती. पोर्तुगीज भाषेइतकाच मराठीचाही या वेदीवर जुना हक्क आहे. नो लिंग टिकावी, पोरांनी ती बोलावी, हे मलाही वाटते. पण ती काचेच्या पेटीत ठेवायची वस्तू आहे अशा भावनेने वाटत नाही.

आपल्या पुस्तकांनी या दोन गावांची वाटणी फार पूर्वीच करून टाकली आहे. जर्सन दा कुन्हा यांचे चौल-वसईवरचे इंग्रजी पुस्तक १८७६ चे, कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ चे. दोन्ही अजोड आहेत. आपण सगळे त्यांच्याच जिवावर लिहितो. दा कुन्हा मुंबईतले गोवेकर डॉक्टर, त्यांनी अवशेषांमधून फिरून एकेक शिलालेख टिपला. पण या परंपरेत रेवदंडा ‘स्थापत्य’ या सदरात गेले आणि कोर्लईची माणसे ‘लोक’ या सदरात. स्थापत्य लिहिणारा खाडी ओलांडत नाही, भाषा अभ्यासणारा पुलावरून मागे वळून पाहत नाही. त्यामुळे साधी गोष्ट निसटते, की रेवदंड्याच्या उघड्या मंडपात जे उभे राहत असत त्यांतल्या काहींचे वंशज समोरच्या किनाऱ्यावर आहेत, आणि अजून रविवारी एकत्र जमतात. चर्चचा गाभारा खाडीच्या या काठाला, मंडप त्या काठाला. मंडप म्हणजे काय, तर छपराखाली जमलेली माणसे आणि त्या छपरासाठी दर मे महिन्यात शिडी लावणारी माणसे. मी इतकी वर्षे अर्ध्याच इमारतीचा नकाशा काढत होतो.

हे लिहिताना रेवदंड्याच्या दगडांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ते आता अडचणीत आहेत. डोमिनिकन गाभाऱ्याच्या छतावर पिंपळाने मुळे घातली आहेत. कमानीला भार सोसतो, पाऊस सोसतो. दोन दगडांच्या मध्ये जाडावत जाणारे मूळ सोसत नाही. मधल्या कळीच्या दगडांपैकी एखादा सरकला तर बाकीचे थांबत नाहीत. रोप हातभर असते तेव्हा कोयत्याने काम होते, नंतर होत नाही. इतकी वर्षे माणसावाचून निभावलेल्या त्या छतालाही आता वर्षातून एक दिवस माणूस हवा आहे. वाडीचे मालक तयार असतात. भीती असते ती ‘सरकारी जागेला हात लावला’ म्हणून कोणी विचारील याची. ती भीती कागदावर दूर करणे फार अवघड नसावे.

गेल्या उन्हाळ्यात मी डोमिनिकन गाभाऱ्याचा छेद पुन्हा काढला. मापे पुन्हा घेतली, या वेळी दोन प्रती केल्या. एक वीरला घरी, माळ्यावर. दुसरी घेऊन कोर्लईला गेलो. चर्चजवळच्या एका घराच्या ओट्यावर कागद उलगडला. घरातल्या वयस्क बाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. समोरच्या किनाऱ्यावरचे आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. लहानपणी होडीने त्या तिकडे जात असत, पण वाड्यांच्या आत कधी गेल्या नव्हत्या. नक्षीच्या खणांवर त्यांचे बोट फिरले. मग मंडपाच्या बाजूला मी नुसत्या दोन भिंती काढून सोडून दिल्या होत्या, तिथे ते थांबले.

“हे मोकळंच का ठेवलंत, भाऊ?”

“ते पडलंय, मावशी. छप्परच नाही तिथं.”

“पण माणसं इथंच उभी राहायची ना?”

आमच्या धंद्यात जे पूर्वी होते आणि आता नाही ते तुटक रेषेने दाखवतात. मी खिशातली पेन्सिल काढली आणि ओट्यावर बसूनच दोन भिंतींच्या मध्ये तुळया टाकल्या, आढे काढले, वासे काढले. कौले काढायला लागलो तेव्हा त्यांनी आतून नातवाला हाक मारली, त्याला काहीतरी नो लिंगमध्ये सांगितले, आणि तो येऊन शेजारी बसला.